पूर्ण वाक्यात लिहा

जॅकला कविता लिहायची नाही. कविता मुली करतात, मुलगे करत नाहीत, असं त्यानं वहीच्या पहिल्याच पानावर बाईंना कळवून टाकलंय. वर्गात अमेरिकी कवी विल्यम कार्लोस विल्यम्सची ती चिमुकली कविता वाचून झालीय. पावसात भिजलेली लाल हातगाडी, शेजारी पांढऱ्या कोंबड्या, आणि त्या हातगाडीवर म्हणे फार काही अवलंबून आहे. काय ते कवीनं सांगितलेलं नाही आणि जॅकच्या डोक्यातही शिरलेलं नाही. बाई पिच्छा सोडत नाहीत म्हणून तो त्याच चालीवर काही ओळी खरडतो. हातगाडीच्या जागी एक निळी मोटार, चिखलानं माखलेली, रस्त्यावरून सुसाट निघालेली. बाई विचारतात, या मोटारीवर एवढं काय अवलंबून आहे? जॅक म्हणतो, त्या हातगाडीवाल्यानं तरी कुठे सांगितलं होतं?

शॅरन क्रीच यांच्या 'लव्ह दॅट डॉग' (२००१) या पुस्तकात आपल्याला फक्त जॅकची वही दिसते. बाई काय म्हणाल्या असतील ते त्याच्या उत्तरांवरून ताडायचं. मोटार येते तशी निघून जाते. मग कवी रॉबर्ट फ्रॉस्ट येतो, ब्लेकच्या कवितेतला वाघ येतो, जॅकचा पिवळा कुत्रा येतो. शाळेचं वर्ष बरंच पुढे सरकल्यावर, वॉल्टर डीन मायर्स या कवीच्या एका कवितेचं बोट धरून, तो कुत्र्याचं काय झालं ते एकदाचं लिहितो. मग आपण घाईघाईनं मागची पानं उलटतो. पोरानं सुरुवातीलाच सगळं सांगून टाकलं होतं. आपणच हातगाडी बघत बसलो होतो.

कुमारवयीन वाचकांसाठी कवितेत लिहिलेल्या कादंबऱ्या आणि आठवणी हा प्रकार अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेल्या तीसेक वर्षांत चांगलाच रुजलाय. यमक बहुधा नसतं, मुक्तछंदच. पान-दोन पानांची एकेक कविता, तिला शीर्षक, कधी खाली तारीख, आणि अशा शंभर-दीडशे कवितांची मिळून एक सलग गोष्ट. व्हर्जिनिया यूवर वुल्फ यांचं 'मेक लेमोनेड' १९९३ चं. कॅरन हेसे यांच्या 'आउट ऑफ द डस्ट'ला १९९८ साली अमेरिकेतलं बालसाहित्याचं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं आणि मग या वाटेनं बरेच जण चालू लागले. ब्रिटनचं तसंच मानाचं कार्नेगी पदक तर २०१६, २०१९ आणि २०२४ असं तीनदा कवितेतल्या कादंबरीला गेलं: सेरा क्रॉसन, एलिझाबेथ असेवेडो आणि जोसेफ कोएल्हो.

माझी आठवीतली भाची ही पुस्तकं वाचते आणि तिची वाचून झाली की मी वाचते. पहिलं पुस्तक हातात घेतल्यावर तिनं नुसती पानं फरफरवली आणि म्हणाली, "मावशी, अगं हे तर अर्धं रिकामंच आहे!" तिला त्याचा आनंद झाला होता. तिच्या आजोबांना, म्हणजे आमच्या बाबांना, अजिबात झाला नाही. त्यांनी पुस्तक उलटून किंमत पाहिली, एका पानावरचे शब्द मनातल्या मनात मोजले आणि "कागदाचा काय भाव चाललाय हल्ली!" एवढंच बोलून चष्मा काढून ठेवला. दोघांचंही म्हणणं मला पटतं. ज्या मुलांना चारशे पानी ठोकळा बघूनच धडकी भरते ती या रिकाम्या जागेच्या आधारानं पुस्तकात शिरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि काही लेखकांनी सरळसाधं गद्य घेऊन कुठेही एंटर दाबून पानं भरवलीत, हेही खरं.

त्याची परीक्षा सोपी आहे. ओळी जोडून टाकायच्या आणि मोठ्यांदा वाचायचं. काहीच बिघडलं नाही तर ते गद्यच होतं. या परीक्षेत बरीच पुस्तकं नापास होतात, गाजलेलीसुद्धा. नावं घेत नाही, कारण त्यातली दोन भाचीची लाडकी आहेत.

'आउट ऑफ द डस्ट' मात्र जोडून पाहा. गोष्ट अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची, १९३४-३५ सालची. पाऊस नाही, नांगरून उघड्या पडलेल्या जमिनीची माती उडतेय, धुळीची वादळं येताहेत. ताटं पालथी घालून ठेवायची आणि ऐन जेवताना उलटायची. चौदा वर्षांची बिली जो पियानो वाजवते. आई पोटुशी आहे. वडील चुलीशेजारी रॉकेलची बादली ठेवून जातात. आईला वाटतं पाणी आहे, ती कॉफीसाठी ओतते आणि भडका उडतो. आई किंचाळत बाहेर पळते. बिली जो पेटती बादली उचलून दाराबाहेर फेकते. आई त्याच क्षणी परत आत येत असते.

हे मी आत्ता सांगितलं ते गद्यात, क्रमानं, कारणं जोडत. हेसे यांच्या पानावर ते तुटक, जवळजवळ कोरडं येतं. प्रत्येक क्रिया आपापल्या ओळीवर. मुलगी पोलिसात जबानी द्यावी तशी एकेक पायरी सांगते, कारण त्यापेक्षा जास्त एका वेळी तिला उचलवत नाही. ओळ संपते तिथे आपल्याला पुढची ओळ वाचायची नसते आणि वाचावी लागते. पुढे आई बाळंतपणात जाते, बाळही जातं. शेजारच्या बायका बोलतात की बिली जोनं बादली फेकली. चुलीपाशी बादली ठेवली कोणी, आणि आई तळमळत असताना घरातले साठवलेले पैसे घेऊन दारू प्यायला गेलं कोण, याबद्दल त्या काही बोलत नाहीत. बिली जो बायकांचं बोलणं तेवढं टिपून ठेवते. बाबांना दोष देते का? देते. माफ करते का? त्याला पुढची शंभरएक पानं लागतात. तिचे हात भाजलेत, पियानोवर बोटं चालत नाहीत, आणि माझ्या मते पुस्तकातल्या आखूड ओळी त्या भाजलेल्या हातांच्या आहेत. लांब वाक्यं लिहिणारी बिली जो मला खोटी वाटली असती.

आपल्याकडे शाळेत पहिलं बजावतात ते "पूर्ण वाक्यात उत्तर लिही". प्रश्न असतो, राजूला कोणी मारले? 'मामाने' असं लिहिलं तर अर्धा मार्क जातो. 'राजूला त्याच्या मामाने मारले' असं लिहावं लागतं. मार्कांसाठी ठीक आहे. पण राजूलाच विचारलं तर तो असं बोलेल का? बारा-चौदा वर्षांचं मूल घरातलं भांडण, आजारपण, अंगचटीला येणारा नातेवाईक, वर्गात झालेला अपमान यांबद्दल पूर्ण वाक्यात बोलतच नाही. "काही नाही" म्हणतं. फार तर "ते असंच" म्हणतं. मग आपण खोदून विचारतो आणि ते खोलीचं दार लावून घेतं. या पुस्तकांतली चांगली पुस्तकं त्या "काही नाही"चा मान राखतात. ती मुलाला खुलासा द्यायला लावत नाहीत. म्हणूनच की काय, यातल्या गोष्टी बहुधा मरण, स्थलांतर, हिंसा, शरम यांच्याच आसपास फिरतात. कवितेत लिहिलेली हसरी, खुशालचेंडू कादंबरी क्वचित सापडते, आणि सापडली तरी आखूड ओळ तिच्या अंगाला बसत नाही असं माझं मत.

दुसरी गंमत रसग्रहणाची. आपल्या मुलांना कविता भेटते ती 'कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा' या प्रश्नाच्या सोबतीनं. त्यामुळे कविता म्हणजे कुलूप आणि किल्ली गाईडमध्ये, अशी पक्की समजूत होते. दीडशे कवितांची कादंबरी वाचताना हे करायला वेळच नसतो. पुढे काय झालं याची घाई असते. क्वामे अलेक्झांडर यांचं 'द क्रॉसओव्हर' (२०१४) हे जुळ्या भावांचं बास्केटबॉलचं पुस्तक भाचीनं एका दुपारीत संपवलं. अक्षरं उड्या मारतात, खाली घसरतात, मध्येच शब्दकोशातल्यासारख्या व्याख्या येतात. बापाला हृदयाचा त्रास आहे आणि तो डॉक्टरकडे जायचं टाळतोय, हे या सगळ्या धिंगाण्याआडून हळूहळू पुढे सरकत असतं. वाचून झाल्यावर ती जरा वेळ नुसतीच बसून राहिली. मग म्हणाली, "मी कविता वाचल्या का गं इतक्या?"

जेसन रेनल्ड्स यांच्या 'लाँग वे डाउन' (२०१७) या पुस्तकाची जवळजवळ सगळी गोष्ट लिफ्टमध्ये घडते, साधारण एका मिनिटात. पंधरा वर्षांच्या विलच्या भावाला गोळी घातलीय, विलच्या कमरेला पिस्तूल आहे, बदला घ्यायला तो खाली चाललाय. मजल्यामजल्यावर लिफ्ट थांबते आणि बंदुकीनं गेलेलं एकेक माणूस आत येतं. पानं तीनशेच्या घरात, शब्द मात्र मोजके. इथे बाबांचा कागदाचा हिशेब चुकतो, कारण पान उलटायला लागणारा वेळ हाच त्या लिफ्टचा वेग आहे. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की तो प्रश्नचिन्हावर होतो.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते जॅकलीन वुडसन यांचं 'ब्राउन गर्ल ड्रीमिंग' (२०१४). ही कादंबरी नव्हे, लेखिकेच्या बालपणाच्या आठवणी आहेत. जन्म फेब्रुवारी १९६३, ओहायोतलं कोलंबस, मग दक्षिण कॅरोलायनात ग्रीनव्हिलला आजी-आजोबांकडे, मग ब्रुकलिन. कायद्यानं वर्णभेद संपत चाललाय, पण गावातल्या दुकानांना ते अजून कळलेलं नाही. आजी नातवंडांना बाजारात नेते तेव्हा बहुतेक दुकानांत पाऊल टाकायचं की नाही, हा प्रश्न असतो. एका दुकानात मात्र हे काहीच नसतं. ते कापडाचं दुकान. तिथली गोरी बाई आजीला ओळखते. काय शिवायचंय, किती वार हवं, एवढंच बोलणं. त्या दुकानात आपण नुसती माणसं असतो, एवढं वुडसन म्हणतात आणि कविता संपते. बाकीच्या दुकानांत काय असतो ते त्याआधीच्या मोजक्या ओळींत येऊन गेलेलं असतं.

लहानपणी वुडसन सावकाश वाचायच्या. शब्दाखाली बोट फिरवत, पुन्हा पुन्हा मागे जात. मोठी माणसं म्हणायची, अगं तुझ्या वयाला शोभेल असं अवघड काहीतरी वाच. ग्रंथालयात त्यांच्या हाती जॉन स्टेप्टो यांचं एक चित्रपुस्तक लागतं, 'स्टीव्ही', आणि त्यातला मुलगा त्यांच्यासारखाच सावळा असतो. तू आता मोठी झालीस, हे ठेव, असं म्हणून कोणी ते काढून घेतलं असतं तर आपल्यासारखी माणसं पुस्तकात असू शकतात हे आपल्याला कळलंच नसतं, अशा अर्थाचं त्या लिहितात. सावकाश वाचणाऱ्या मुलीनं मोठी होऊन असं पुस्तक लिहावं, जे भराभर वाचताच येत नाही, यात मला फार मौज वाटते. मधूनमधून 'कसं ऐकावं' या नावाचे हायकू येतात. तीन ओळींचे. तिथे वाचणाऱ्यानं थांबायचंच.

थान्हा लाई यांच्या 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन'ला (२०११) मी आपल्या एका जुन्या पुस्तकाशेजारी ठेवते. व्हिएतनाममधल्या सायगावची, 'हा' नावाची दहा वर्षांची मुलगी, साल १९७५. नववर्षाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल पुरुषाचं पडलं तरच शुभ, असा रिवाज. ही पोर पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पायाचा अंगठा जमिनीला टेकवून घेते. अंगणातल्या पपईच्या झाडावर तिचा जीव. मग सायगाव पडतं, जहाज, निर्वासितांच्या छावण्या आणि शेवटी अमेरिकेतलं अलाबामा. तिथे शाळेत ती मुकी होते, कारण इंग्रजी येत नाही. घरी हुशार आणि वर्गात ढ. व्हिएतनामी भाषेत विचार करणाऱ्या मुलीचं मन मांडायला हीच आखूड, चित्रमय ओळ योग्य वाटली, असं लाई यांनी सांगितलंय. आणि आपल्याकडे कवी अनिलांनी १९४३ साली 'निर्वासित चिनी मुलास' ही दीर्घ कविता लिहिली, तीही मुक्तछंदात. तिकडे जपाननं चीनवर केलेलं आक्रमण, इकडे नागपुरी वळणाचा एक मराठी कवी त्या परक्या मुलाशी बोलतोय. फरक इतकाच आणि तो मोठा आहे: अनिल मुलाला उद्देशून बोलतात, लाईंची 'हा' स्वतः बोलते.

कवितेत गोष्ट सांगणं आपल्याला नवं कुठे आहे? चातुर्मासात घरोघरी श्रीधराचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' वाचले जायचे तेव्हा घरातली पोरं तिथेच मांडी ठोकून बसलेली असायची. आणि मुलींनी म्हणायची म्हणून जी कथनकविता आहे ती तर भोंडल्यात दर वर्षी फेर धरते. कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा माहेरा. सून म्हणते, वेल लावला हो सासूबाई. मग आता त्याला पान येऊ दे. पान आलं. मग फूल येऊ दे. मग कारलं. मग भाजी. एकेक अट पुरी होते आणि माहेर तिथल्या तिथेच. त्या गाण्यात सून एकदाही रडत नाही, सासूला वाईट म्हणत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुली हस्त नक्षत्राच्या पावसात हे हसत-खिदळत म्हणतात आणि त्यांना सगळं कळलेलं असतं.

आणि आठवणी कवितेत लिहिणंही आपल्याकडे फार जुनं. सतराव्या शतकातली संत बहिणाबाई, तुकोबांची शिष्या, शिऊरची. (जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. हा घोळ नेहमी होतो.) तिनं स्वतःचं चरित्र अभंगांत सांगितलंय. लहानपणी वयानं खूप मोठ्या माणसाशी लग्न, आईबापांसकट गावोगाव फिरणं, मग कोल्हापूर. तिथे एका कपिला गाईचं वासरू तिच्या पाठीपाठी असतं. ती कीर्तनाला निघाली की तेही निघतं. जयरामस्वामींच्या कीर्तनात दोघांचं कौतुक होतं, स्वामी दोघांच्या डोक्यावर हात ठेवतात. गावात बोलणं होतं, नवऱ्याच्या कानावर जातं आणि तो तिला बेदम मारतो. गाय आणि वासरू चारापाणी सोडतात. पुढे वासरू मरतं. तेव्हा बहिणाबाई अकराएक वर्षांची होती.

भाचीला मी हा भाग सावकाश वाचून दाखवला. काही शब्द अडले, ते सांगितले. अभंगाचे चरण एवढेएवढेसे. वासराचं मरण, नवऱ्याचा मार, देवाचं नाव, सगळं त्याच मापात बसलेलं. मारालाही तेवढीच जागा आणि वासरालाही. तिनं विचारलं, "हिनं हे मोठेपणी लिहिलं ना? मग हिला वासराचं इतकं सगळं लक्षात कसं राहिलं?" तिचे आजोबा पलीकडे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच ते म्हणाले, "तेच राहतं."

असेवेडो यांच्या 'द पोएट एक्स'मधली न्यूयॉर्कच्या हार्लेमची झिओमारा बहिणाबाईची चुलतबहीण शोभावी. घरात कडक कॅथलिक आई, डोमिनिकन रिपब्लिक या देशातून आलेली. मुलगी वहीत लपूनछपून कविता लिहिते, आईच्या हाती वही लागते आणि आई ती तिच्यादेखत जाळते. इथे आपण मुलीची जळत असलेली वही मुलीच्याच कवितांतून वाचत असतो. असेवेडो स्वतः शाळेत शिकवत होत्या. या पुस्तकांत आमच्यासारखं कोणीच नसतं, असं त्यांची एक विद्यार्थिनी त्यांना म्हणाली होती.

आमच्यासारखं कोणी, हा प्रश्न भाचीच्या शेल्फलाही आहेच. तिथे भारतीय मुली आहेत, पण त्या इंग्रजीत राहतात. पद्मा वेंकटरामन यांच्या 'अ टाइम टू डान्स'मधली चेन्नईची वेदा भरतनाट्यम करते, अपघातात तिचा पाय गुडघ्याखाली जातो आणि ती कृत्रिम पायावर पुन्हा उभी राहते. आपल्या पिढीला इथे लगेच सुधा चंद्रन आठवणार. रजनी लारोका यांच्या 'रेड, व्हाइट अँड होल'मधली (२०२१) रेहा १९८३ च्या अमेरिकेत राहते. आईला रक्ताचा कर्करोग आहे. रेहाला व्हायचंय डॉक्टर, पण रक्त दिसलं की तिला गरगरतं. ती सावित्रीची गोष्ट घट्ट धरून ठेवते. आपण गुणी राहिलो, यमाशी नीट हुज्जत घातली, तर आई परत मिळेल. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकांच्या घरात वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट कुठे जाऊन पोहोचायला हवी ते पाठ असतं. लारोका ती तिथे नेत नाहीत. यम ऐकत नाही. सावित्रीची गोष्ट मुलींना सांगताना हा भागही कधीतरी सांगायला हवा होता, असं मला ते वाचताना वाटलं.

मराठी दुकानातल्या बालविभागात कविता म्हणजे अजून पावसाची, चिऊची, फार तर आजीच्या बटव्याची. त्यांच्याशी माझं भांडण नाही. विंदांच्या एटू लोकांच्या देशात मीही मनसोक्त राहून आलेय. पण तेराव्या वर्षी त्या देशाचा व्हिसा संपतो. पुढे मुलांच्या हातात पडतात ती गद्य पुस्तकं, बहुतेकदा शेवटी बोध असलेली, आणि पाठ्यपुस्तकातली रसग्रहणाची कविता.

मला एक पुस्तक वाचायचंय. बीडकडच्या एखाद्या गावातली सातवीतली मुलगी. दिवाळी झाली की घराला कुलूप लागतं आणि ट्रकमधून सगळे ऊसतोडीला निघतात, कधी कोल्हापूरकडे, कधी पार कर्नाटकात. उन्हाळ्यात परत. शाळेच्या वर्षाचे मधले महिने तिच्या वहीत कोरे. मुकादमाच्या हिशेबात तिचे आई-बाप दोघं मिळून 'एक कोयता' असतात. ती पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळते, पहाटेच्या अंधारात भाकरी थापते, बैलगाडीवर मोळ्या चढताना बघते. तिला दिवसभरातून सुटी वेळ मिळणार ती एखाद्या ओळीपुरतीच. त्यामुळे ते पुस्तक तिनं आखूड ओळींतच लिहावं, तारखा घालून, किंवा तारखा माहीत नसतील तर कुठल्या गावचा फड चालू आहे ते वर लिहून. बाईंनी तिला निळ्या मोटारीबद्दल विचारू नये. असं काही कोणी लिहीत असेल तर मला जरूर कळवा. कच्चं बाडसुद्धा चालेल, अक्षर कसंही असलं तरी.